बुचाचें जाकीट

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नांवाचें बंदर आहे. तेथील छायाचित्रकार फ्रँक मेडो सटक्लिफ (१८५३–१९४१) यानें हेन्री फ्रीमन या कोळ्याचें काढलेलें छायाचित्र सागरी साहसांच्या पुस्तकांतून नेहमीं छापलें जातें. पाहणारा त्याला ‘शूर नावाडी’ म्हणतो आणि पान उलटतो. चित्राची योग्यता एवढीच असती तर त्यावर लिहिण्याचें कारण नव्हतें.

चित्रांत एक दाढीवाला, भक्कम बांध्याचा मनुष्य आहे. त्याच्या छातीवर बुचाच्या जाड पट्ट्या शिवलेलें जाकीट आहे. खवळलेला दर्या, फुटतें जहाज, आकांत यांपैकीं कांहींच नाहीं. १८३८ सालीं ग्रेस डार्लिंगनें बापासह होडी घालून माणसें वांचविलीं, तेव्हां चित्रकारांनीं तिच्याभोंवतीं लाटांचे डोंगर उभे केले. कुंचल्याला तें सोपें होतें. सटक्लिफच्या काळच्या काचेवर वादळांतील होडी उमटणें जवळजवळ अशक्य. आमच्या मतें हें दौर्बल्यच येथें उपकारक ठरलें आहे. लाट नाहीं, म्हणून दृष्टि त्या जाकिटाकडे वळते; आणि कोरड्या जमिनीवर हा गृहस्थ पाण्यांत तरंगण्याचें साधन अंगावर चढवून कां राहिला आहे, असा प्रश्न मनांत येतो.

त्याचें उत्तर ९ फेब्रुवारी १८६१ या दिवसांत आहे. त्या दिवशीं वादळानें जहाजामागून जहाज किनाऱ्यावर येऊन आदळत होतें. व्हिटबीची जीवरक्षक होडी पांच वेळां गेली आणि माणसें घेऊन आली. सहाव्या वेळीं ती धक्क्याजवळ, गांवकऱ्यांच्या डोळ्यांदेखत उलटली. तेरांपैकीं बारा जण बुडाले. कॅप्टन वॉर्ड यानें १८५४ सालीं योजलेलें नव्या बनावटीचें बुचाचें जाकीट एकट्या फ्रीमनच्या अंगावर होतें. तो तेवढा वांचला. पुढें वीसहून अधिक वर्षें तो त्याच बंदरांत जीवरक्षक होडीचा तांडेल होता. १८८१ च्या जानेवारींत बर्फांतून सुमारें सहा मैल जमिनीवरून होडी ओढीत नेऊन रॉबिन हुड्स बे येथें जहाजावरील माणसें वांचविलीं गेलीं, तेव्हांही तांडेल तोच.

यावर ‘कलेकरितां कला’ म्हणणारे आमचे मित्र आक्षेप घेतील, कीं ही सारी बातमी चित्राबाहेरची आहे; ती पोटांत घेऊन चित्र मोठें होत नाहीं. आक्षेप पोकळ नाहीं. करुण मजकूर खालीं छापून सामान्य चित्रें खपविण्याचा धंदा सर्वत्र चालतो. पण हीच बातमी सटक्लिफच्या ‘वॉटर रॅट्स’ (१८८६) या पाण्यांत खेळणाऱ्या पोरांच्या चित्राखालीं छापून पाहावी. ती तेथें क्षणभर टिकणार नाहीं, कारण त्या चित्रानें तसा कांहीं प्रश्नच विचारलेला नाहीं. फ्रीमनच्या चित्रानें तो विचारला आहे, आणि बातमी केवळ त्याचें उत्तर पुरविते. हा भेद टीकाकारांनीं नजरेआड करूं नये.

चित्र निर्दोष मात्र नाहीं. सटक्लिफचें पोट व्हिटबीस येणाऱ्या प्रवाशांच्या तसबिरी काढण्यावर चाले, आणि त्या व्यवसायाची नीटनेटकी संवय येथेंही आडवी येते. जाकिटाची पट्टीन् पट्टी इतकी स्वच्छ दिसते, कीं क्षणभर तें दुकानांतला नमुनाच वाटावें. या दोषांतून चित्राला सांवरतो तो चेहरा. त्यावर विजय नाहीं, गर्व नाहीं; केवळ एक अवजड वस्तु अंगावर वागविण्याची संवय आहे.

अपघात झाला तेव्हां सटक्लिफ अवघा सात वर्षांचा होता. त्या बारा जणांपैकीं एकालाही काचेसमोर बसविणें पुढें त्याला शक्य नव्हतें. जो उरला होता त्याला त्यानें बसविलें, आणि तेंही तें जाकीट घालून.