युद्धकलापट : द्वंद्वरचना, साहसदृश्ये व संकलन

शस्त्रांनी वा रिकाम्या हातांनी लढण्याच्या पारंपरिक कलांचे दर्शन हा ज्याचा मुख्य आशय असतो, असा चित्रपटप्रकार. चीन, हाँगकाँग व तैवान येथे तो विशेष भरभराटीस आला. तलवारबहाद्दरांच्या अद्भुतरम्य कथांचा ‘वूशिया’ व मुष्टियुद्धावर भर देणाऱ्या कथांचा ‘कुंग फू’, अशी त्याची स्थूल विभागणी करण्याचा प्रघात आहे. कथानके बहुधा ठरावीक साच्याची असतात : गुरूची हत्या, शिष्याची खडतर साधना व अखेरचा सूड. त्यामुळे या चित्रपटांची गुणवत्ता कथेपेक्षा द्वंद्वदृश्यांच्या बांधणीत शोधावी लागते. ही बांधणी तीन कामांतून सिद्ध होते : हालचालींची रचना, त्या प्रत्यक्ष अंगावर घेणाऱ्या साहसकलावंतांचे काम आणि संकलन. ही तीन कामे स्वतंत्र मानली जात असली, तरी हाँगकाँगच्या उत्तम युद्धकलापटांत ती बव्हंशी एकाच माणसाच्या नजरेखाली होत. या प्रकाराचे यश व इतरत्र झालेले त्याचे फसवे अनुकरण, या दोहोंचे मर्म त्यातच आहे.

शांघाय येथील मिंगशिंग कंपनीचा द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल (१९२८) हा या प्रकारातील पहिला मोठा लोकप्रिय चित्रपट. त्याचे अनेक उत्तरभाग निघाले. परंतु अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा फैलावते, या कारणास्तव राष्ट्रवादी शासनाच्या अभ्यवेक्षकांनी १९३१ मध्ये त्यावर बंदी घातली. पुढे हाँगकाँगमध्ये १९४९ साली वाँग फेइ-हुंग या ऐतिहासिक युद्धकलागुरूच्या जीवनावरील चित्रपटमालिका सुरू झाली. क्वान ताक-हिंग या नटाने ती भूमिका सत्तरांहून अधिक चित्रपटांत केली. या मालिकेमुळे दक्षिण चीनमधील आखाड्यांत शिकलेली माणसे चित्रपटव्यवसायात आली. दुसरा ओघ पेकिंग संगीतिकेचा. यू जिम-युएन यांच्या हाँगकाँगमधील संगीतिका-शाळेतून सॅमो हंग, जॅकी चॅन, युएन ब्याओ इ. मुले अत्यंत कडक शिस्तीत कोलांट्या, उड्या व शस्त्रे शिकून बाहेर पडली. संगीतिकेची प्रेक्षकसंख्या घटल्यावर त्यांच्यापुढे चित्रपटातील मारामारीखेरीज फारसा मार्ग उरला नव्हता. मात्र त्यांनी जी शिदोरी सोबत आणली ती केवळ उड्यांची नव्हती. संगीतिकेतील युद्धप्रसंग तालवाद्यांच्या ठेक्यावर बांधलेले असतात; हालचालींचा एक गुच्छ वेगाने उलगडतो आणि समेवर यावे तसा नट एका निश्चल पवित्र्यात येऊन थांबतो. गती व स्तब्धता यांची ही पाळी हाच पुढे हाँगकाँगच्या संकलनाचा मूळ ताल ठरला.

या पद्धतीत द्वंद्वदिग्दर्शकाला (मुंबईच्या चित्रपटव्यवसायातील रूढ शब्दात ‘फाइट मास्टर’ला) असामान्य अधिकार असत. मारामारीचे चित्रीकरण सुरू झाले, की मुख्य दिग्दर्शक पुष्कळदा बाजूला होई. कॅमेरा कोठे ठेवायचा, त्याची गती काय असावी आणि शॉट कोठे तोडायचा, हे द्वंद्वदिग्दर्शक ठरवी. संपूर्ण द्वंद्व आरंभापासून अखेरपर्यंत अनेक कोनांतून चित्रित करून त्यातून नंतर निवड करण्याची रीत येथे नव्हती. चार-पाच वा दहा-बारा हालचालींचा एक तुकडा बसवायचा, त्याला सोयीच्या एकाच कोनातून तो टिपायचा आणि तो संपला तेथून पुढचा तुकडा बसवायचा, अशी ही क्रमाक्रमाने चालणारी कामगिरी असे. परिणामी दोन शॉटमधील सांधा हा चित्रीकरणाच्या वेळीच तयार होई. संकलकाच्या टेबलावर तो शोधावा लागत नसे. मूकचित्रीकरणाची हाँगकाँगमध्ये १९९० च्या दशकापर्यंत टिकलेली सवयही येथे उपकारक ठरली. संवाद व आवाज नंतर भरले जात असल्याने सेकंदाला २४ ऐवजी २२ वा २० चौकटी अशा मंद गतीने कॅमेरा चालवून हालचालीला पडद्यावर किंचित त्वरा देता येई आणि ही गती प्रत्येक शॉटला बदलता येई. कपड्यांवर आधीच भुकटी लावून ठेवीत, म्हणजे ठोसा बसताच धूळ उडे व न बसलेला प्रहारही बसल्यासारखा दिसे. याहून सूक्ष्म युक्ती सांध्याची आहे. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये प्रहार पोहोचतो, त्याच क्षणी जवळचा शॉट सुरू होतो. पण तो दोन-तीन चौकटी मागे सरकून, म्हणजे प्रहाराचा शेवटचा अंश पुन्हा दाखवून. डोळ्याला पुनरुक्ती कळत नाही, जोर मात्र जाणवतो. अमेरिकी पद्धतीत याच ठिकाणी नेमक्या प्रहाराच्या चौकटी गाळण्याकडे कल असतो आणि त्यामुळे तडाखा कानाने ऐकू येतो, डोळ्यांना दिसत नाही.

युद्धकलेचे कसलेही शिक्षण न घेतलेल्या किंग हू या दिग्दर्शकाने या तंत्राचा सर्वांत मौलिक विचार केला, ही लक्षणीय गोष्ट होय. कम ड्रिंक विथ मी (१९६६) या चित्रपटात त्याने नृत्य शिकलेल्या चेंग पेइ-पेइ हिला नायिका केले, तर द्वंद्वरचनेसाठी पेकिंग संगीतिकेतून आलेल्या हान यिंग-ज्ये याची योजना केली. अ टच ऑफ झेन (१९७१) या तैवानमध्ये निर्मिलेल्या त्याच्या चित्रपटातील वेळूवनातले युद्ध प्रसिद्ध आहे. त्यात शू फंग हिने रंगविलेली योद्धी बांबूंच्या शेंड्यांकडे झेपावते व तेथून तलवार रोखून खाली कोसळते. माणसाला असे उडता येत नाही आणि तत्कालीन साधनांनी ते अखंडपणे दाखविणेही शक्य नव्हते. हूने ही अडचणच शैली बनविली. उड्डाणाचा आरंभ, पानांतून सरकलेली एक आकृती, खाली येणारा देह असे मोजक्या चौकटींचे तुकडे त्याने जोडले. काहींत तर व्यक्ती पडद्याच्या कडेलाच निसटती दिसते. प्रेक्षकाने जे पाहिले त्यापेक्षा त्याच्या हातून जे निसटले, ते त्याला थोर वाटते. योद्ध्याचे सामर्थ्य आपल्या दृष्टीच्या आवाक्याबाहेरचे आहे, ही भावना येथे अभिनयाने नव्हे, तर संकलनाने निर्माण होते. तथापि दिशा कोठेही हरवत नाही : कोण कोठून आला, कोणावर आला व त्याचे काय झाले, हे प्रत्येक वेळी स्पष्ट असते. १९७५ च्या कॅन चित्रपटमहोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक गुणवत्तेचे पारितोषिक मिळाले.

याच्या अगदी उलट टोकाला ब्रूस ली व लाउ कार-लेउंग हे दोघे आहेत. लीने स्वतः दिग्दर्शित केलेल्या द वे ऑफ द ड्रॅगन (१९७२) या चित्रपटात रोमच्या कलोसियममधील चक नॉरिसबरोबरचे द्वंद्व बहुतांशी पूर्णाकृती शॉटांतून दाखविले आहे. मध्येच एका मांजराच्या पिलाकडे कॅमेरा वळतो, हे त्या गंभीर प्रसंगातील खेळकर विरामचिन्ह. लीच्या शैलीत सर्व भार एका विलक्षण शरीरावर आहे. म्हणूनच त्याच्या मृत्यूनंतर (१९७३) निघालेल्या नकलांना ती पेलली नाही. लाउ कार-लेउंगचे तसे नाही. त्याचे वडील लाउ चाम हे वाँग फेइ-हुंगच्या शिष्यपरंपरेतील. टाँग काय याच्यासह त्याने चांग चेहच्या द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन (१९६७) सारख्या रक्तरंजित चित्रपटांची द्वंद्वरचना केली व १९७५ पासून तो स्वतः दिग्दर्शन करू लागला. द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन (१९७८) हा त्याचा सर्वांत विख्यात चित्रपट; परंतु त्याच्या कलेचा खरा मासला डर्टी हो (१९७९) मध्ये पाहावा. वेषांतर करून राहणारा राजपुत्र (गॉर्डन ल्यू) एका मद्यपारख्याकडे पाहुणा म्हणून जातो. यजमानाला त्याचा जीव घ्यायचा आहे, पण आपण लढत आहोत हे दोघांपैकी कोणीही कबूल करावयाचे नाही. पेला पुढे करणे, तो घेणे, वास घेणे, आभार मानणे या प्रत्येक सौजन्यात एक प्रहार व एक बचाव दडलेला आहे. हात प्राणांतिक झुंज देत असता चेहऱ्यावर हास्य आहे, हा विनोद हात व चेहरा एकाच चौकटीत असल्याखेरीज उमटत नाही. म्हणून लाउ येथे शॉट लांबवितो आणि कट टाळण्यासाठी झूम भिंगाने हातापर्यंत जाऊन परत येतो. लांब शॉट ही येथे आशयाची गरज आहे, कौशल्याचे मिरविणे नव्हे.

हा भेद लक्षात न घेतल्याने समीक्षेत एक चुकीची कसोटी रूढ झाली : लांब शॉट म्हणजे सचोटी आणि कट म्हणजे लबाडी. या कसोटीचे ओझे प्रत्यक्षात साहसकलावंतांच्या हाडांवर पडले. जॅकी चॅनच्या प्रोजेक्ट ए (१९८३) मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छते फाडीत जमिनीवर पडतो. ही उडी एकाहून अधिक वेळा घेतली गेली आणि चित्रपटात तिचे दोन प्रयत्न लागोपाठ दाखविले आहेत. पोलिस स्टोरी (१९८५) मध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो दुकानांच्या इमारतीत खाली घसरतो. तोच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून पुन्हापुन्हा येतो. कथनाच्या दृष्टीने ही पुनरुक्ती निरर्थक आहे. तिचा अर्थ पावतीसारखा आहे : हे खरोखर घडले, पाहा. त्या खांबावर चॅनचे तळहात भाजले आणि १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात आर्मर ऑफ गॉडच्या चित्रीकरणात झाडावर झेप घेताना पडून त्याच्या कवटीला गंभीर इजा झाली. चित्रपटाच्या अखेरीस फसलेले प्रयत्न व अपघात दाखविण्याची त्याची प्रथा प्रेक्षकांना अतिशय आवडली; तथापि वेदनेलाच मनोरंजनाचे प्रमाणपत्र बनविणारी ही प्रथा निर्दोष मानता येणार नाही.

चॅनच्या जखमांना निदान त्याचे नाव आहे. काचांवर, पायऱ्यांवर व गाड्यांवर फेकल्या जाणाऱ्या शेकडो इतरांना ते नव्हते. त्यांना कँटनीजमध्ये ‘ड्रॅगन-वाघ युद्धगुरू’ अशा अर्थाचे भारदस्त नाव आहे. प्रेक्षकाला मात्र त्यांच्या पाठीच दिसतात. त्यांच्या बाजूने पाहिले, तर चांगला कट हा देहाचा रक्षक असतो. उडी एका शॉटमध्ये व आपटणे दुसऱ्यात घेतले, की मधली दहा-पंधरा फुटांची घसरण कोणालाही सोसावी लागत नाही. ॲन हुई या दिग्दर्शिकेने द स्टंट वुमन (१९९६) हा चित्रपट अशाच एका साहसकलावतीवर काढला आणि त्याच्या चित्रीकरणात नायिका मिशेल येओ उडी घेताना स्वतः जबर जखमी झाली.

तारांच्या साहाय्याने नटांना उडविण्याचे तंत्र जुनेच. ‘वायर’ या इंग्रजी शब्दाचे ‘वाय-या’ असे कँटनीज रूप त्यासाठी रूढ आहे. अ चायनीज घोस्ट स्टोरी (१९८७) मध्ये चिंग स्यू-तुंगने त्याला काव्यात्म रूप दिले. त्सुइ हार्कच्या वन्स अपॉन अ टाइम इन चायना (१९९१) मध्ये शिड्यांवरील अंतिम द्वंद्व तारा, बदली कलावंत व अतिजलद संकलन यांतून उभे राहते. चित्रीकरणादरम्यान जेट ली याच्या पायाला दुखापत झाल्याने त्याच्याऐवजी अनेक ठिकाणी दुसरा लढवय्या आहे. तरीही ते दृश्य दुबळे वाटत नाही, कारण प्रत्येक शॉटमध्ये शिडीची स्थिती व तोल हे दोन प्रश्न स्पष्ट मांडलेले आहेत.

अमेरिकी चित्रपटांनी हाँगकाँगचे कलावंत घेतले, पण त्यांची कार्यपद्धती क्वचितच घेतली. द मॅट्रिक्स (१९९९) हा सन्माननीय अपवाद : युएन वू-पिंगने नटांकडून सुमारे चार महिने तयारी करून घेतली. एरवी अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेली मारामारी चित्रीकरणस्थळी नसलेल्या संकलकाकडे कित्येक आठवड्यांनी जाते. द बोर्न अल्टिमेटम (२००७) मधील टँजिअरच्या खोलीतील झुंज हलत्या कॅमेऱ्याने व अत्यंत तुटक शॉटांनी घडविली आहे. परंतु अरुंद जागा, पुस्तक, पंचा अशा हाती लागेल त्या वस्तू आणि संगीताचा अभाव यांमुळे तिला आकार राहतो. त्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाले, ते अयोग्य नव्हते. त्याच्या अनुकरणातून मात्र कोण कोणाला मारतो आहे हे न कळणाऱ्या दृश्यांची लाट आली. किंग हूचे शॉटही तितकेच त्रोटक होते. फरक एवढाच, की हू काय लपवायचे ते जाणून लपवीत असे, तर येथे कॅमेऱ्याने काय टिपले याचाच पत्ता नसे. द रेड (२०११) या इंडोनेशियातील चित्रपटाचे दिग्दर्शन व संकलन गॅरेथ एव्हान्स या एकाच व्यक्तीने केले, तर जॉन विक (२०१४) चा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हा द मॅट्रिक्समध्ये नायकाचा बदली कलावंत होता. या दोन्ही चित्रपटांतील स्वच्छता योगायोगाची नव्हे.

हाँगकाँग चित्रपट पारितोषिकांत द्वंद्वरचनेचा स्वतंत्र विभाग १९८३ पासून आहे. युएन वू-पिंगची रचना असलेल्या क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन (२०००) ला २००१ मध्ये चार ऑस्कर पारितोषिके लाभली. त्यांत छायाचित्रण, कलादिग्दर्शन व संगीत यांचा समावेश होता, द्वंद्वरचनेसाठी तेथे विभागच नव्हता. साहसदृश्यांच्या रचनेसाठी असे पारितोषिक २०२८ च्या सोहळ्यापासून, २०२७ मधील चित्रपटांकरिता देण्याचे अमेरिकेच्या अकादमीने २०२५ मध्ये जाहीर केले. रचनेचे पारितोषिक एका विभागात व संकलनाचे दुसऱ्या, अशी फाळणी तेथेही कायमच ठेवली आहे.