फ्रेंच चलनी नोटांवरील नग्नता आणि कलाभिरुचीतील स्थित्यंतर

फ्रान्सच्या जुन्या नोटांवर अनावृत देह सहज आढळतात. २००२ मध्ये फ्रँकची जागा पूर्णतः घेणाऱ्या युरोच्या नोटांवर मात्र कमानी, खिडक्या आणि पूल आले. या बदलाचे स्पष्टीकरण नैतिक संकोचात शोधण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ते स्पष्टीकरण अपुरे आहे.

पॅरिसच्या ऑपेरागृहाची चित्रसजावट करणारे पॉल बोद्री यांनीच शंभर फ्रँकच्या नोटेचेही आरेखन केले होते. म्हणजे नोट ही अकादमिक कलेचीच एक शाखा होती. पुढे १९२७ च्या नमुन्यात सेरेस व मर्क्युरी, १९४५ च्या नमुन्यात मिनर्व्हा व हर्क्युलिस अवतरले. शेती, व्यापार, सामर्थ्य अशा कल्पनांनी नेसावे तरी काय? अनावृतपणा हाच त्यांचा पोशाख होता, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिक्टर ह्यूगो, मोलिएर, पाश्चर यांची व्यक्तिचित्रे स्थिरावली. रूपककला मागे पडली आणि तिच्याबरोबर देवतांचे देहही गेले.

या पार्श्वभूमीवर शंभर फ्रँकची १९७८ च्या नमुन्याची देलाक्रवा नोट विशेष विचारार्ह ठरते. तिच्यावर चित्रकाराच्या प्रतिमेसोबत त्याच्या १८३० च्या ‘जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’ या चित्राचा एक भाग आहे. देवतेचे वक्ष उघडे आहे. तथापि ही नग्नता नोटेच्या आरेखकाची नव्हे, संग्रहालयातून उसनी आणलेली आहे. १८३१ च्या प्रदर्शनात टीकाकारांना खुपला होता तो या देवतेचा मळकट, रस्त्यावरचा देह. शासनाने चित्र तीन हजार फ्रँकना विकत घेतले आणि लवकरच लोकांच्या नजरेआड केले. १८७४ मध्ये ते लूव्र संग्रहालयात आले. तेथे शतकभर राहून जे निर्धोक झाले, तेच पुढे खिशाखिशांत पोहोचले. नोटेच्या सुबक रेषांत तो मळ उरत नाही, ही खरी हानी होय. वक्ष झाकले असते तरी ती एवढी झाली नसती.

१९९७ मध्ये या नोटेची जागा सेझानच्या नोटेने घेतली. स्नानमग्न नग्नाकृती आयुष्यभर रंगविणाऱ्या या चित्रकाराच्या नोटेसाठी निवड झाली ती पत्ते खेळणाऱ्यांची आणि सफरचंदांची. येथे मात्र संकोचाची शंका घेण्यास जागा आहे.