समानार्थी म्हणींच्या जोड्या आणि मराठी भाषक विद्यार्थ्याचे इंग्रजी : एक चिकित्सा

प्रस्तावना
महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही महाविद्यालयात आलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी म्हणी व वाक्प्रचारांपाशी अडखळतो. मार्गदर्शक पुस्तकांतून त्यावर बहुधा एकच उपाय सुचविला जातो : डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे ‘समानार्थी’ मराठी म्हण. परीक्षेपुरती ही सोय उपयुक्त असली तरी भाषाशिक्षण म्हणून ती अपुरी आणि प्रसंगी दिशाभूल करणारी आहे. संगमनेर व अकोले तालुक्यांतील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी इंग्रजीचा वावर नाही, त्यांना असे पुस्तक हाच प्रमुख आधार असतो. म्हणून या पद्धतीची चिकित्सा आवश्यक ठरते.

साम्य आणि तफावत
काही जोड्या निःसंशय जुळतात. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ यांत प्रतिमा भिन्न असली तरी आशय एकच आहे. ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ ही म्हण स्पॅनिश भाषकाला घोड्यासकट ओळखीची वाटते. कारण अनेक युरोपीय म्हणींमागे लॅटिनचा समान वारसा आहे. मराठीत घोड्याच्या जागी गाय येते : ‘धर्माची गाय आणि दात का गं नाही?’ दातांवरून जनावराचे वय पाहण्याचा व्यवहार दोन्हीकडे असल्याने अर्थ सहज पोहोचतो.

परंतु घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावण्याच्या इंग्रजी म्हणीसमोर ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ असे लिहिले की गोंधळ होतो. पहिलीत नुकसान झाल्यानंतरची निरर्थक खबरदारी आहे. दुसरीत गरज उभी राहीपर्यंत केलेली हयगय आहे. विहीर खणणाऱ्याला उशिरा का होईना पाणी लागू शकते. दार लावल्याने घोडा परत येत नाही.

हवामान आणि मूल्यभाव
संगमनेर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला ‘सेव्हिंग फॉर अ रेनी डे’ यातील पाऊस संकटाचा वाटावा कसा? त्याच्या अनुभवातील संकट दुष्काळाचे असते. ‘मायेची ऊब’ मराठीतही आहे. पण ‘जीव थंड होणे’ हे येथे समाधानाचे लक्षण असल्याने ‘कोल्ड शोल्डर’मधील उपेक्षा आपोआप उमगत नाही. ‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ या म्हणीत मूळ रोख अस्थिर माणसावरील टीकेचा आहे. शेवाळ म्हणजे निसरडे आणि साचलेपण, असे मानणारा विद्यार्थी तिला स्तुती समजतो. विशेष म्हणजे आज अनेक इंग्रजी भाषकही ती तशीच वापरतात. येथे विद्यार्थ्याचे उत्तर केवळ चूक ठरविणे अन्यायाचे होईल.

वापराचा प्रश्न
म्हण कोणी, कोणाला, केव्हा ऐकवावी हे जोडीतून कळत नाही. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्या उपदेशपर फटक्याचे चरण लोकांच्या तोंडी म्हणींसारखे रुळले. मराठी निबंधातही म्हणींची पेरणी गुण मानली जाते. आजच्या औपचारिक इंग्रजी लेखनात मात्र अशी पेरणी शिळी समजली जाते. मराठीतील गुण येथे दोष ठरतो, आणि त्याची पूर्वसूचना विद्यार्थ्याला कोणी देत नाही.

उलट दिशेचे उदाहरण उद्बोधक आहे. रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी १८९९ मध्ये ‘मराठी प्रॉव्हर्ब्ज’ हा संग्रह ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केला. त्यात मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवाद दिला असून गरज तेथे आशयही उलगडला आहे. मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजास मिळालेली ही सवलत इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास आजही क्वचितच मिळते.

मराठीत रुळलेले इंग्रजी
या पद्धतीचा आणखी एक दोष असा की, विद्यार्थ्याजवळ असलेल्या पुंजीकडे तिचे लक्ष जात नाही. ‘हिमनगाचे टोक’, ‘नक्राश्रू’, ‘लाल फीत’, ‘हिरवा कंदील’ हे प्रयोग वृत्तपत्रीय मराठीत इंग्रजीच्या वळणाने आलेले आहेत. हिमनग न पाहिलेला वाचकही त्यांचा अर्थ अचूक जाणतो. अध्यापनाचा प्रारंभ येथून केल्यास इंग्रजी वाक्प्रचार परके वाटणार नाहीत.

निष्कर्ष
जोड्या टाकून देण्याचे कारण नाही. त्यांना दोन रकाने जोडणे आवश्यक आहे. एकात म्हणीचा प्रसंग व सूर, दुसऱ्यात मराठी म्हणीशी असलेला फरक नोंदवावा. तो फरक विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवातून शोधावा व अध्यापकाने तपासावा. परीक्षेतही जोड्या लावण्याऐवजी दिलेल्या प्रसंगात म्हण योग्य आहे की नाही, हे विचारता येईल. असे झाल्यास विद्यार्थ्याची मराठी ही इंग्रजीच्या मार्गातील अडचण न राहता अर्थनिर्णयाचे साधन ठरेल.