जागतिक सिनेमा आणि हवेची उशी

जागतिक सिनेमा घरी बसूनही पाहता येतो, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. त्याआधी माझी ठाम समजूत होती की, जागतिक सिनेमा पाहायचा म्हणजे आधी डोंबिवलीहून लोकल पकडायची, दादरला उतरायचं, कुठल्याशा भाड्याच्या हॉलमधल्या लोखंडी खुर्चीवर दोन तास पाठ शेकून घ्यायची आणि मग बाहेर फुटपाथवर कटिंग चहा पीत ‘फ्रेम’ या विषयावर तावातावानं बोलायचं. ही गोष्ट १९८० च्या आसपासची. आमच्या फिल्म सोसायटीत एकदा तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं. मेलेली म्हातारी पुढल्या वीस मिनिटांत उठून भांडी घासायला लागली, पण एकाही सभासदानं हूं की चूं केलं नाही. उलट चहाच्या वेळी एकानं ‘काळाची मोडतोड’ यावर जे काही सांगितलं, ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं म्हणून सांगितलं.

त्या काळात मी सिनेमा पाहत नसे, सिनेमा समजून घेत असे. दोन्हींत फरक आहे. पहिल्यात डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्यात मान दुखते.

आता मुलानं भिंतीएवढा टीव्ही पाठवला आहे. त्याच्या पोटात सगळं जग आहे म्हणतात. रिमोट माझ्या हातात असतो, पण तो चालवते आमची ही. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “यात एखादा सिनेमा असा नाही का, की जो पाहून तुम्ही नंतर मला समजावून सांगणार नाही?”

आव्हान मोठं होतं. पहिल्या झटक्याला मी हरलो. मी लावला झाक तातीचा ‘प्लेटाइम’, १९६७ सालचा. ताती हा फ्रेंच नट-दिग्दर्शक म्हणजे विनोदाचा बादशहा, पण या चित्रपटासाठी त्यानं पॅरिसजवळ खोटं शहर उभारलं, सत्तर मिलिमीटरवर चित्रण केलं आणि त्या खर्चात स्वतः बुडाला. यात विनोद पडद्याच्या मधोमध होत नाही. डाव्या कोपऱ्यात, मागच्या काचेच्या दाराआड, चौथ्या ओळीतल्या वेटरच्या पाठीवर होतो. थिएटरात प्रत्येक जण वेगळ्या जागी हसतो आणि शेजाऱ्याचं हसू पाहून आपण कोपरा शोधतो. घरी आम्ही प्रेक्षक दोन, त्यातला एक पेंगत होता. कोण, ते सांगत नाही. मत मात्र सांगतो: ‘प्लेटाइम’ श्रेष्ठ चित्रपट आहे आणि तो घरी पाहू नये. मोबाइलवर पाहणं तर पोस्टाच्या तिकिटावर पंगत वाढण्यासारखं आहे. तातीच पाहायचा तर १९५३ चा तो समुद्रकाठच्या सुटीचा पाहा, ज्यात मिस्टर ह्यूलो आपली खोकणारी मोटार घेऊन येतो. त्याला कोपरे कमी आहेत.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो आणि यासुजिरो ओझूकडे गेलो. ‘ओहायो’, १९५९. म्हणजे ‘सुप्रभात’. टोकियोच्या बाहेर एकाला एक चिकटलेली, एकसारखी एक घरं. दारू पिऊन आलेला शेजारी चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरतो, इतकी एकसारखी. (डोंबिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) दोन भावांना टीव्ही हवा असतो, कारण शेजाऱ्यांकडे जाऊन कुस्त्या पाहणं आईला पसंत नाही. बाप म्हणतो, टीव्हीमुळे देशातली दहा कोटी माणसं मूर्ख होतील असं कुणीसं म्हटलंय. पोरं हट्ट करतात, बाप म्हणतो फार बोलता. त्यावर थोरला जे उत्तर देतो ते मला फार आवडलं: मोठी माणसं तरी काय बोलतात? नमस्कार, बरं आहे ना, आज हवा छान आहे. सगळं निरर्थक. आणि दोघे भाऊ मौन धरतात. घरी, शाळेत, रस्त्यावर. शेजारणीनं हाक मारली तरी गप्प. झालं, शेजारीण समजते की महिला मंडळाच्या वर्गणीवरून पोरांच्या आईनं हा राग काढला! ते वर्गणीचे पैसे एका म्हातारीकडे पडून होते, ती सांगायला विसरली होती. पण तेवढ्यात सगळी आळी पेटून उठते.

चित्रपटात मुलांचा आणखी एक उद्योग आहे, कपाळावर बोट टेकवल्यावर आवाज काढण्याचा. कुठून, ते लिहिणं संपादकांना आवडणार नाही. ‘थोर दिग्दर्शक’ म्हणून मी पंचेचाळीस वर्षं ज्याच्या नावापुढे मान झुकवली, त्यानं हा विनोद चित्रपटभर पुरवून पुरवून वापरला आहे, आणि आमची ही इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवली.

पण गंमत तिथे नाही. शेवटी पोरांचा बेकार मास्तर आणि त्यांची तरुण मावशी स्टेशनच्या फलाटावर भेटतात. दोघांना एकमेकांविषयी काहीतरी वाटतं, ते आपल्याला केव्हाच कळलेलं असतं. आणि दोघं बोलतात काय? हवा छान आहे. तो ढग बघा. हो, छान आहे. मोठ्यांचं बोलणं निरर्थक असतं हे पोरांचं म्हणणं खरं, पण त्या निरर्थक बोलण्यावाचून मोठ्यांचं चालत नाही, हेही तितकंच खरं. व्याख्यान नाही, पार्श्वसंगीताचा टाहो नाही. दोन माणसं, एक फलाट, वर ढग.

मग पडद्यावर दोरीवर वाळणारे कपडे आले. ओझू मधूनमधून असं करतो. माणसं बाजूला होतात आणि कपडे, किटली, रिकामी वाट एवढंच दिसतं. फिल्म सोसायटीत यावर आमचा एक अख्खा रविवार गेला होता. ही म्हणाली, “अगं बाई, कपडे!” आणि उठून गॅलरीतले आमचे कपडे घेऊन आली. दिग्दर्शकाचा हेतू इतका तंतोतंत सफळ झालेला मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर आठवड्याला एक, असा क्रम लागला. अब्बास किआरोस्तमीचा इराणी चित्रपट पाहिला, १९८७ चा, मित्राच्या घराचा पत्ता शोधणाऱ्या पोराचा. शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही चुकून आपल्या दप्तरात आली आणि ती परत दिली नाही तर मास्तर त्याला शाळेतून काढणार, एवढीच गोष्ट. एकही मोठा माणूस त्या पोराचं ऐकून घेत नाही. आम्ही दोघंही एकही शब्द न बोलता बसलो होतो. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजल्या नाहीत. भात लागला.

मीलोश फोरमनचा ‘फायरमेन्स बॉल’ मात्र आमच्या सोसायटीच्या कमिटीला बोलावून दाखवावा, असं माझ्या फार मनात आहे. चेकोस्लोव्हाकियातलं एक लहान गाव, तिथल्या बंबवाल्यांचा वार्षिक नाच, सोडतीची बक्षिसं टेबलावर मांडलेली. संध्याकाळ चढत जाते तशी बक्षिसं एकेक करून नाहीशी होत जातात. शेवटी जाहीर होतं, दिवे मालवतो, ज्यांनी नेलंय त्यांनी अंधारात परत ठेवावं. दिवे लागतात तेव्हा टेबल आणखी मोकळं, आणि एकच माणूस पकडलेला: जो बायकोनं लांबवलेला मांसाचा जिन्नस परत ठेवायला आला होता तो! कमिटीचा राग चोरांवर नाही, या प्रामाणिक मूर्खावर. संस्थेची अब्रू घालवली म्हणून! मधेच एका म्हाताऱ्याचं घर जळतं. बर्फात तो कुडकुडतोय, म्हणून त्याची खुर्ची उचलून त्याच्याच जळत्या घराच्या जवळ सरकवतात. आणि मदत म्हणून त्याला काय देतात? सोडतीची तिकिटं.

हे १९६७ साली काढलं. त्यातले बंबवाले व्यावसायिक नट नव्हते, तिथलेच खरे बंबवाले होते. पुढल्या वर्षी प्रागमध्ये रशियन रणगाडे आले आणि चित्रपटावर बंदी आली. राज्यकर्त्यांना तो आपल्यावर आहे असं वाटलं. मला तो आमच्या सोसायटीच्या गणपतीवर आहे असं वाटलं. गेल्या वर्षी आमच्या सोडतीतलं पहिलं बक्षीस, एक मिक्सर, कुणाला लागला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

इथपर्यंत सगळं आनंदात चाललं होतं. मग मी ‘टोकियो स्टोरी’ लावला.

तो मी पूर्वी पाहिलेला होता. अठ्ठावीस वर्षांचा असताना. त्यावर मी फुटपाथवर अर्धा तास बोललो होतो. ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो, तो उगाच हलत नाही, वगैरे. सगळं बरोबर होतं. फक्त लोखंडी खुर्चीवरून ते तंत्र दिसतं. आता पाठीच्या दुखण्यामुळे मी सतरंजीवर बसतो, पुढ्यात निवडायची मेथी असते. त्या उंचीवरून ते तंत्र वाटलंच नाही. त्यांच्या घरात बसल्यासारखं वाटलं.

सुरुवातीलाच म्हातारा-म्हातारी गावाकडे, ओनोमिचीला, टोकियोला निघायची बांधाबांध करताहेत. म्हातारा विचारतो, हवेची उशी कुठाय? ती म्हणते, तुमच्याकडेच दिली होती. तो म्हणतो नाही, तुझ्याकडेच. आणि मग ती त्याच्याच सामानात सापडते. ही माझ्याकडे बघून हसली. मी मेथीकडे बघितलं.

टोकियोत थोरला मुलगा डॉक्टर. रविवारी फिरायला न्यायचं ठरतं तर नेमका पेशंट येतो. मुलीचं केस करण्याचं दुकान. नवरा आईबापांसाठी चांगली मिठाई आणतो, तर ती म्हणते, कशाला एवढी महागाची? कुणालाच वेळ नाही. मग भाऊ-बहीण वर्गणी काढून आईबापांना अतामीला पाठवतात, समुद्रकाठी, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. तिथल्या हॉटेलात रात्रभर तरुणांचा गोंगाट. सकाळी दोघं धक्क्यावर बसतात, एकसारखे सुती किमोनो घालून, आणि ठरवतात की आता घरी जावं.

“अष्टविनायक,” ही म्हणाली.

एवढंच. मी रिमोट शोधून चित्र थांबवलं. घरी सिनेमा पाहण्याचा हा फायदा आहे म्हणतात.

१९८३ साली आई-दादा चिपळूणहून महिनाभर राहायला आले होते. एक खोली आणि स्वयंपाकघर. दुसऱ्या शनिवारी मी साहेबांना जेवायला बोलावलं होतं, बढतीचं चाललं होतं. मी दोघांना दोन दिवसांच्या अष्टविनायक यात्रेच्या बसमध्ये बसवलं. पहाटे पाचला. आईला बस लागते हे मला माहीत होतं. मी तिला लिंबू घेऊन दिलं. रात्री साहेब पान खात होते आणि मी गॅलरीतून रस्ता पाहत होतो. वाट पाहत नव्हतो. बस लवकर तर परत येणार नाही ना, हे पाहत होतो. आली ती दुसऱ्या रात्री, उशिरा. आईनं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. दादा म्हणाले, “छान झालं रे दर्शन. फार खर्च केलास.” पुढे मरेपर्यंत ते गावात सांगत, माझ्या मुलानं आम्हाला अष्टविनायक घडवला.

अतामीहून परतलेली ती म्हातारी माणसंही हेच बोलतात. आपली मुलं इतरांपेक्षा बरी आहेत, आपण भाग्यवान. अठ्ठाविसाव्या वर्षी मला हा संवाद ‘संयत’ वाटला होता.

चहा घेऊन आम्ही पुढचा पाहिला. टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवतो: त्या मुलीला दुष्ट समजू नका. आपले मराठी कौटुंबिक चित्रपट अशा मुलीला आणि विशेषतः सुनेला शेवटी पायांवर घालून रडवतात, तेव्हाच प्रेक्षक घरी जातो. ओझू तसं काही करत नाही. आई अत्यवस्थ असल्याची तार येते तेव्हा ही मुलगी सुचवते की, सुतकाचे कपडेही बरोबर घेऊ या. ऐकून अंगावर काटा येतो, आणि कपडे लागतातच. आई गेल्यावर ती मनापासून रडते आणि तासाभरात आईचा अमका किमोनो मला द्या म्हणते. दोन्ही खरं. मी तिच्यावर रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आईबापांसाठी रजा काढते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. सेत्सुको हारा या नटीचं ते हसू पाहताना मेथीची पानं टोपलीत आणि देठ भाजीत गेले. म्हातारा झालेला चिशू र्‍यू त्या वेळी अवघा एकोणपन्नास वर्षांचा होता, यावर विश्वास बसत नाही. आणि ओझू स्वतः? लग्नच केलं नाही. आईजवळ राहिला आणि जन्मभर लग्नांचे, मुलाबाळांचे, म्हाताऱ्यांचे चित्रपट काढत राहिला. १९६३ साली, आपल्या साठाव्या वाढदिवशी गेला.

चित्रपट संपल्यावर मी ह्याबद्दल हिला काहीही समजावून सांगितलं नाही. तिनंही ते लक्षात आणून दिलं नाही.

परवा बंगळुरूहून मुलाचा फोन आला. “बाबा, दिवाळीनंतर तुम्ही दोघं या ना पंधरा दिवस. मधले चार दिवस तुमचं कूर्गचं बुकिंग करून टाकलंय. हॉटेल एकदम मस्त आहे. आमचं दोघांचं त्या आठवड्यात जरा कामाचं आहे, तुम्हाला घरात कंटाळा येईल.”

“छान,” मी म्हणालो. “फार खर्च केलास.”

ही शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पंख्याचा वेग कमी केला.

काल रात्री बॅगा भरायला घेतल्या. बसच्या प्रवासाला मानेखाली घ्यायची ती हवेची उशी सापडेना. मी कपाट उपसलं, माळा उपसला, शेवटी आवाज चढवून म्हणालो, “मी तुझ्याकडेच दिली होती!”

“अहो,” ती आतून म्हणाली, “आधी तुमच्या पिशवीत बघा.”