गुलाबी गोळी आणि घाईचं नाव

मागच्या पावसाळ्यात सह्याद्रीत एका कुजक्या ओंडक्यावर वाटाण्याएवढ्या गुलाबी गोळ्या दिसल्या. एक नखाने दाबली, तर टूथपेस्टसारखा गुलाबी लगदा बाहेर आला. मी लगेच पाकिटावर लिहिलं: लायकोगाला एपिडेन्ड्रम. गाइड मॅडमनी पाकीट बघून एवढंच विचारलं, "हे नाव तू बघून लिहिलंस की आठवून?" खरं तर आठवूनच लिहिलं होतं. म्हणून आज एका जुन्या पुस्तकाबद्दल लिहितोय.

मार्टिन आणि अलेक्सोपोलस यांचं 'द मिक्सोमायसिटीज' (१९६९) स्लाइम मोल्डवर काम करणाऱ्याला कधी ना कधी उघडावंच लागतं. (नावात 'मोल्ड' असलं तरी ही बुरशी नव्हे, अमीबाच्या नात्यातला जीव आहे.) पुस्तकाची मोठी ताकद म्हणजे वर्णनांची शिस्त. ओल्या, सरपटणाऱ्या प्लाझ्मोडियमवरून प्रजाती सहसा ठरत नाही, बीजाणू धरलेला नमुनाच लागतो. मग एकेक प्रश्न: बीजाणूंची भुकटी गडद की फिकट? चुना आहे का, आणि तो कणांच्या रूपात की स्फटिकांच्या? देठ आहे का? आतलं धाग्यांचं जाळं कसं आहे? शेवटी मायक्रोस्कोपखाली बीजाणूवरची नक्षी. स्टेमोनायटिस फुस्का आणि स्टेमोनायटिस अ‍ॅक्सिफेरा लांबून दोन्ही तपकिरी ब्रशच वाटतात. पण फुस्काच्या बीजाणूवर जाळीदार नक्षी दिसते, अ‍ॅक्सिफेराचा बीजाणू लहान आणि जवळजवळ गुळगुळीत असतो. हे डोळ्यांनी कळणं शक्यच नाही.

माझी तक्रार आहे ती ओळखतक्त्याबद्दल, म्हणजे आपण ज्याला 'की' म्हणतो त्याबद्दल. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय. "यातलं काहीच नाही" असा तिसरा रस्ता नाही. त्यामुळे नमुना कुठलाही असो, शेवटी काहीतरी नाव हातात पडतंच. लायकोगालामध्ये त्या काळी मोजक्याच प्रजाती मानल्या जात. साहजिकच, जगात कुठेही सापडलेली वाटाण्याएवढी गुलाबी गोळी बहुतेक वेळा एपिडेन्ड्रमवरच येऊन थांबायची. गंमत म्हणजे १७५३ मध्ये लिनियसने तिला पफबॉल बुरशीच्या लायकोपरडॉन या प्रजातीगणात बसवलं होतं. बाहेरच्या गोल आकाराने त्यालाही चकवलं.

२०२३ मध्ये लिओन्टयेव आणि सहकाऱ्यांनी याच लायकोगालातून १५ नव्या प्रजातींचं वर्णन केलं. त्यांनी डीएनए आणि शारीरिक लक्षणं शेजारी ठेवून पाहिली. मग ताज्या बीजाणूंचा रंग, आवरणाची ठेवण, धाग्यांवरची नक्षी अशा बारीक गोष्टींना वजन आलं. म्हणजे "डीएनए आला, आता मायक्रोस्कोप कशाला?" हा निष्कर्ष चुकीचा आहे. लक्षणं होतीच, आपण ती नीट बघत नव्हतो.

१९६९ च्या पुस्तकाला डीएनए नसल्याबद्दल दोष देणं अन्यायाचं होईल. दोष आपल्या वाचण्यात जास्त आहे. आपण तक्ता उत्तरपत्रिकेसारखा वापरतो आणि नाव मिळालं की पुस्तक मिटतो. पुढचं सविस्तर वर्णन नमुन्याशी ओळ-ओळ जुळवून बघत नाही. खरी परीक्षा तिथेच असते.

याची किंमत मी मोजली. माझ्या पाकिटातली भुकटी आता वाळून फिकट झालीय. ताजा रंग कुठेच लिहिला नव्हता, कारण नाव "माहीत" होतं. तो रंग आता परत बघता येणार नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पाकिटावर दोन वेगळे रकाने करा. पहिल्यात पाहिलेलं: तारीख, कसल्या लाकडावर, ताजा रंग, माप, फोटो क्रमांक. दुसऱ्यात नाव, तेही पेन्सिलने. खात्री नसेल तर प्रजातीच्या नावाआधी 'सीएफ' लिहा, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या त्या पाकिटावर आता तेच आहे, आणि या पावसाळ्यात मी त्याच ओंडक्याकडे परत जाणार आहे.