वीररसाची एक फेरी

९ जून २०१८. अमेरिकेतल्या यूजीन शहरातलं पावसानं भिजलेलं हेवर्ड फील्ड. विद्यापीठांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची शेवटची शर्यत उरली होती, ४ बाय ४०० मीटर रिले. सांघिक गुणांत जॉर्जिया ५२, सदर्न कॅलिफोर्निया ४३. पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ८. सदर्न कॅलिफोर्नियाला दुसरं येऊन भागणार नव्हतं.

कायरा कॉन्स्टंटाइन, ॲना कॉकरेल आणि डिॲना हिल यांनी आपापल्या फेऱ्या पूर्ण केल्या. हिलकडून केंडल एलिसकडे बॅटन जाताना मात्र गडबड झाली. या रिलेत घेणारी मागे पाहत बॅटन घेते, कारण देणारी थकलेली असते आणि तिच्या वेगाचा भरवसा नसतो. घेणारीनं त्या थकव्याचा अंदाज बांधून निघायचं असतं. तो मेळ इथे बसला नाही, आणि परड्यू विद्यापीठाची धावपटू दूर निघून गेली.

त्याच दिवशी वैयक्तिक ४०० मीटरमध्ये एलिस जॉर्जियाच्या लिना अर्बीच्या मागे दुसरी आली होती. थकलेले पाय, हुकलेला बदल, पुढे एवढं अंतर. शेवटच्या वळणातून बाहेर पडतानाही परड्यू बरंच पुढे होतं. आणि मग एलिस जवळ येऊ लागते. पाहणाऱ्याला वाटतं, हिनं वेग वाढवला. पण चारशे मीटरच्या अखेरीस वेग कुणाचाच वाढत नाही. जिचा सर्वांत कमी घटतो, ती उडत आल्यासारखी दिसते. या शर्यतीचं सौंदर्य मला त्या न ढळण्यात दिसतं. वीररसाचा स्थायिभाव क्रोध नव्हे, उत्साह. तो इथे डोळ्यांना दिसतो.

सदर्न कॅलिफोर्निया ३:२७.०६, परड्यू ३:२७.१३. एलिसची फेरी ५०.०५ सेकंदांची. विजेतेपद ५३ विरुद्ध ५२, एका गुणानं.

लोक या शर्यतीचे शेवटचे शंभर मीटरच पुन्हा पुन्हा पाहतात. अंतर फक्त ०.०७ सेकंदाचं होतं. आधीच्या तिघींपैकी कुणीही एवढीशी जरी मंदावली असती, तरी एलिसची धाव अपुरी पडली असती. म्हणून ही शर्यत पाहाल तेव्हा आधीचे पंधराशे मीटरही पाहा.