‘आळंदीतील चंद्रग्रहण’ : एका चित्रप्रकाराची चिकित्सा

खाली देवळाचा कळस आणि वर ग्रासत जाणाऱ्या चंद्राची माळ, हा ग्रहणाच्या छायाचित्रांतील सर्वांत लोकप्रिय प्रकार होय. अशा चित्राखाली ‘आळंदीतील चंद्रग्रहण’ असे लिहिले, की त्यातील सप्तमीचा ‘त’ एक विधान करतो. ते विधान खरे असते काय, एवढाच येथे प्रश्न आहे.

चंद्रग्रहण अर्ध्याहून अधिक पृथ्वीवरून दिसते. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष यांचे क्षण सर्वत्र एकच. मग आळंदीचे म्हणून त्यात उरते काय? चंद्राची दिशा आणि उंची. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री ११ वाजता सुरू झालेली खग्रास स्थिती सुमारे ८२ मिनिटे टिकली. ग्रहणमध्याच्या वेळी, म्हणजे ११.४२ च्या सुमारास, आळंदीहून चंद्र क्षितिजाच्या ६० अंशांहून वर, दक्षिण-आग्नेयेस होता. समाधिमंदिराच्या कळसाला तो टेकलेला दिसावा, तर कळसाच्या उंचीच्या जेमतेम निम्म्या अंतरावर, म्हणजे देवळाच्या पायाशीच, मान मागे टाकून उभे राहिले पाहिजे. इंद्रायणीच्या घाटावरून ते साधणारे नव्हे. शिवाय चंद्रबिंब अवघे अर्धा अंश रुंद. कळस आणि आकाश दोन्ही मावतील अशा भिंगात ते टिकलीएवढेही उरत नाही. म्हणून चंद्र दूरभिंगाने निराळे घ्यायचे आणि देवळावर चिकटवायचे, ही रीत पडली. कारागिरी म्हणून तिला आक्षेप नाही. पण जे खरोखर आळंदीचे होते, नेमके तेच तीत पुसले जाते.

दुसरा दोष वर्णाचा. सूर्यसिद्धान्तात ग्रस्त बिंबाचे वर्ण क्रमाने दिले आहेत : अर्ध्याहून कमी ग्रासात धूम्र, अधिकात कृष्ण, पूर्णतेच्या लगत कृष्णताम्र, सर्वग्रासात कपिल. ही परिभाषा डोळ्याची आहे. उजळ भाग शिल्लक असेतो डोळे दिपतात, म्हणून छाया काळी भासते. तो मावळला की तांबूसपणा प्रकटतो. कॅमेऱ्यात पूर्ण चंद्राला सेकंदाचा शतांशही पुष्कळ होतो, खग्रास चंद्राला एक-दोन सेकंदही द्यावे लागतात. माळेत मात्र सर्व बिंबे सारख्याच तेजाची! हजारो पटींनी मंदावलेला प्रकाश, जो ग्रहणाचा खरा अनुभव, तो चित्रात कोठेच नाही.

चित्राखाली प्रत्येक बिंबाची वेळ, भिंग आणि प्रकाशनकाल नोंदला असता तर निदान पुराव्याचे काम झाले असते. त्यापेक्षा चंद्र ठिपक्याएवढा आणि कळस तिरपा कापला गेलेले एखादे साधे छायाचित्र प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचे वाटते. पाहणाऱ्याला मान किती वर करावी लागली, हे तरी त्यात कळते.